पितळी चक्रं कुणाची? स्टीमपंक टी-शर्ट आणि आपला वाफेचा इतिहास

१४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर. या तारखा जवळ आल्या की आपल्या पोरांमध्ये टी-शर्टच्या डिझाइनची चर्चा सुरू होते. त्यात आता स्टीमपंकही आलं आहे. पितळेची दातेरी चक्रं, तांब्याच्या नळ्या, वाफेचा दाब दाखवणारी घड्याळं, चामडी पट्टे, उंच टोपी आणि टोपीवर चढवलेला गोल काचांचा गॉगल. या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध बाबासाहेबांचा फोटो. डिझाइन देखणं दिसतं, लाइक मिळतात, टी-शर्ट खपतो. आमचा सवाल सरळ आहे. ही चक्रं कुणाची? ती कुणी फिरवली? आणि ती फिरत असताना आपल्या माणसाला कुठे उभं केलं होतं? हे विचारल्याशिवाय ती चक्रं छातीवर मिरवू नका. विचारून, समजून काढलीत तर मात्र जरूर मिरवा. तेच कसं करायचं, हे सांगण्यासाठी हा लेख.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते लगेच म्हणतील, अत्याचाराच्या घटना रोज घडताहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि तुम्ही टी-शर्टवर लिहिताय? त्यांना आम्ही आदराने आठवण करून देतो की अंगावरचा कपडा हा या देशात कधीच साधा विषय नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं वापरावीत, असं लिहून ठेवलं आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आपल्या आयाबायांशी लुगडं कसं नेसावं, कोणते दागिने टाकून द्यावेत, यावर बोलले. कारण दुरून बघणाऱ्याला जात कळावी अशीच त्या वेशाची रचना होती. स्वतः बाबासाहेबांचा सूट, टाय आणि खिशातला पेन हा व्यवस्थेला दिलेला जबाब होता. तेव्हा आपली पोरं छातीवर काय छापतात हा चळवळीचाच प्रश्न आहे.

आता स्टीमपंक म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ. हा शब्द १९८७ साली के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन लेखकाने ‘लोकस’ या मासिकाला लिहिलेल्या पत्रात अर्धवट गमतीने वापरला. तो आणि त्याचे मित्र व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडणाऱ्या विज्ञानकथा लिहीत होते, त्यांना एक नाव हवं होतं. पुढे १९९० मध्ये विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांची ‘द डिफरन्स इंजिन’ ही कादंबरी आली. चार्ल्स बॅबेजने आखलेलं आणि त्याच्या हयातीत पुरं न झालेलं गणनयंत्र खरोखरच तयार झालं असतं, तर इंग्लंडचं काय झालं असतं, अशी तिची कल्पना. म्हणजे स्टीमपंकच्या मुळाशी एक प्रश्न आहे: त्या काळात असं घडलं असतं तर? चक्रं, नळ्या, गॉगल ही नुसती वरची सजावट. मूळ माल म्हणजे हा प्रश्न. आणि इतिहासाला असा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्यापेक्षा जास्त कुणाला आहे?

गोची अशी आहे की बाजारात स्टीमपंक म्हणून जे विकलं जातं त्यात प्रश्न नसतो, फक्त सजावट असते. सजावट करताना काळ निवडला जातो तो राणीचा, आणि राणीच्या काळातली माणसं निवडली जातात ती उमराव, संशोधक, कप्तान. बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा दिसत नाही. साच्यावर उभी राहणारी बाई दिसत नाही. चार्ल्स स्ट्रॉस या ब्रिटिश विज्ञानकथालेखकाने २०१० मध्ये याच मुद्द्यावर स्टीमपंकवाल्यांना धारेवर धरलं होतं. तो काळ उपासमारीचा, बालमजुरीचा आणि साम्राज्याच्या लुटीचा होता आणि तुम्ही त्याला पितळेची कल्हई करताय, असा त्याच्या टीकेचा रोख होता. एका गोऱ्या लेखकाला हे दिसतं. मग फुले-आंबेडकरांच्या विचारांवर वाढलेल्या आपल्याला दिसायला नको?

यावर आपल्याकडचे काही हुशार लोक म्हणतात, मग भारतीय स्टीमपंक करू! त्यांचा भारतीय नायक कोण? ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो. ‘मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत हा पाणबुडीवाला कप्तान मूळचा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार असल्याचं उघड होतं. इंग्रजांविरुद्ध उठलेला, विद्वान, यंत्रं बनवणारा. छान आहे. पण पुन्हा राजाच! भारतीय स्टीमपंक म्हणून महाल, हत्ती, फेटे आणि तलवारी यांना चक्रं चिकटवलेली चित्रं बघा, म्हणजे आमचं म्हणणं पटेल. इंग्रज उमरावाची टोपी काढून तिथे संस्थानिकाचा फेटा ठेवला, म्हणजे खालचा माणूस वर येत नाही. तो तिथेच, बॉयलरजवळ.

आपल्या मातीत वाफ कशी आली ते पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्यानंतर बोरघाटातून रेल्वे वर नेण्यासाठी डोंगर फोडला गेला, तेव्हा हजारो मजूर दगडाखाली आणि पटकीने मेले. त्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत? १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणी काढली, आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा चिमण्यांनी भरून गेलं. गावकीच्या जाचातून सुटलेला आपला माणूस या चिमण्यांकडे आला. गिरणीत जात नसेल, भोंगा सगळ्यांना सारखाच वाजतो, अशी त्याची आशा.

गिरणीने काय केलं? विणाई खात्यात पगार जास्त होता. साच्यावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि तिचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर घ्यायचा, अशी कामाची पद्धत. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागायचं. म्हणून अस्पृश्याला विणाई खात्यात प्रवेश नाही! त्याला कमी पगाराच्या कताईच्या खात्यांमध्ये ठेवलं. वाफेचं यंत्र विलायतेहून आलं, पण त्याच्याभोवती जातीचं कुंपण इथल्यांनी घातलं. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि विणाई खातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी संपाच्या मागण्यांमध्ये घ्या, असा आग्रह लाल बावट्याच्या पुढाऱ्यांकडे धरला. वर्गाच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांना धोट्यावरची थुंकी ओलांडता येत नव्हती.

आता स्टीमपंकचा प्रश्न इथे लावा. तोंड न लावता दोरा ओवता येईल असा धोटा असता तर? मित्रांनो, तो होता! अमेरिकेत १८९५ मध्ये नॉर्थ्रॉप साचा बाजारात आला, त्याच्या धोट्यात दोरा आपोआप ओवला जाई. १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने दोरा ओढावा लागणाऱ्या धोट्यावर कायद्यानेच बंदी आणली, कारण त्यातून रोग पसरण्याची भीती होती. म्हणजे तिकडे तोच धोटा आरोग्याचा प्रश्न ठरला आणि सुटला. इकडे तो विटाळाचा प्रश्न ठरला आणि १९२८ सालीही आपल्या माणसाची वाट अडवून उभा होता. यंत्राने वाट मोकळी करून दिली होती. अडवणारी जात होती. या एका धोट्यात जेवढं स्टीमपंक आहे तेवढं लंडनच्या दहा टोप्यांमध्ये नाही.

रेल्वेची गोष्ट निराळी नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचं सांगितलं, हे आपण नेहमी ऐकतो. त्याच भाषणातला तपशील मात्र कमी लोकांना ठाऊक असतो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रुळांवर राबायचा, पण त्याला पोर्टरही होता येत नव्हतं. कारण पोर्टरकडून स्टेशन मास्तर घरचीही कामं करून घ्यायचा आणि घरात विटाळ चालत नव्हता. इंजिन पुढे गेलं, रूळ अंथरणारा रुळावरच राहिला.

याच वाफेच्या काळात सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित केलं आणि त्यांच्या लढ्यातून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना कारखान्यांमधला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. वाफेच्या युगाचे आपले नायक हे आहेत. यांच्या चित्राला गॉगल लावायची गरज नाही.

इथे एक गैरसमज दूर करू. हा इतिहास ऐकून कुणी म्हणेल, मग यंत्रच वाईट, चक्रं फेकून द्या, चरखा घ्या. ती वाट आपली नाही. गांधीवादावर लिहिताना बाबासाहेबांनी स्पष्ट भूमिका घेतली की दोष यंत्राचा नसून यंत्राचा फायदा मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसत मिळाली तरच माणूस माणसासारखा जगू शकतो, शिकू शकतो. ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची घाण उचलण्यात गेल्या त्याला यंत्राचं भय नको, यंत्राचा ताबा हवा. म्हणून आम्ही स्टीमपंक नाकारत नाही. आम्ही त्याचा ताबा मागतो.

असा ताबा आधी कुणी घेतलाय का? घेतलाय. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनी ‘स्टीमफंक’ नावाने आपली वाट काढली, त्याच नावाचा कथासंग्रह २०१३ मध्ये मिल्टन डेव्हिस आणि बलोगन ओजेताडे यांनी संपादित केला. निसी शॉल या लेखिकेने २०१६ मध्ये ‘एव्हरफेअर’ ही कादंबरी लिहिली. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाने ज्या काँगोत रबरासाठी माणसांचे हात तोडले, त्याच काँगोत वाफेच्या यंत्रांच्या जोरावर एक स्वतंत्र वसाहत उभी राहिली असती तर, हा तिचा प्रश्न. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरकडे बघून दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव घेतलं पण लढाई इथलीच लढले. स्टीमपंकचंही तसंच करायचं.

तर आता कामाला लागू. टी-शर्टचं चित्र व्हेक्टरमध्येच करा. फोटो हा ठिपक्यांचा बनलेला असतो, मोठा केला की फाटतो. व्हेक्टर चित्र रेषा आणि वळणांच्या गणितावर उभं असतं, ते खिशावर छापा नाहीतर मोर्चाच्या बॅनरवर, कड तशीच धारदार राहते. ज्या वळणांवर हे सगळं चालतं त्यांना बेझिए वळणं म्हणतात. पिएर बेझिए हा रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतला अभियंता, गाड्यांच्या पत्र्याला आकार देण्यासाठी त्याने ही पद्धत वापरात आणली. म्हणजे तुमच्या हातातलं पेन टूलसुद्धा कारखान्यातूनच आलं आहे. इलस्ट्रेटर हे सॉफ्टवेअर १९८७ चं, स्टीमपंक हा शब्द जन्मला त्याच वर्षाचं. त्याचं भाडं परवडत नसेल तर चोरीची कॉपी शोधत बसू नका. इंकस्केप २००३ पासून फुकट आणि खुलं आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं, आणि या कामाला पुरेसं आहे.

सर्वात आधी तयार चक्रांचे गठ्ठे डाउनलोड करणं बंद करा. त्यात तीन चक्रं एकमेकांना त्रिकोणात भिडवलेली हमखास सापडतात. शेजारची दोन चक्रं नेहमी उलट दिशांना फिरतात, त्यामुळे तीन चक्रं एकमेकांत अडकवली की एकही फिरू शकत नाही. सगळे एकमेकांना धरून आणि सगळे जाम. असली रचना आपल्याला ओळखीची आहे, तिला चातुर्वर्ण्य म्हणतात. ती छातीवर कशाला? चक्र स्वतः काढा. एक वर्तुळ, त्याच्या कडेवर एक दाता, आणि तो दाता मध्यबिंदूभोवती १५ अंशांनी फिरवत त्याच्या प्रती घ्या, २४ दाते होतात. दुसरं चक्र १२ दात्यांचं हवं तर व्यास निम्मा करा, दात्याचा आकार मात्र तोच ठेवा. मोठं एकदा फिरेल तेव्हा छोटं दोनदा फिरेल. बघणाऱ्याला गणित कळणार नाही, पण हे यंत्र चालतं की नुसतं चिकटवलं आहे, हे त्याच्या डोळ्याला बरोबर कळतं.

एक विनंती. २४ हा आकडा आला म्हणून अशोकचक्राला दाते लावू नका. दाता दुसऱ्या चक्राला ढकलण्यासाठी असतो. धम्माचं चक्र कुणाला ढकलत नाही आणि कुणाच्या ढकलण्याने फिरत नाही. ते यंत्राच्या भागांत घुसडायचं नाही. तसंच बाबासाहेबांच्या फोटोवर ऑटो ट्रेसचं बटण दाबून हात झटकू नका. त्यातून शेकडो नको ते बिंदू येतात आणि चेहरा डागाळतो. एआयकडून काढलेल्या चित्रांत तर चष्म्याची काडी कानात घुसलेली आणि अक्षरं कुठल्याच भाषेतली नसलेली दिसतात. ज्या माणसाने प्रत्येक शब्द तोलून लिहिला त्याच्या चित्रासाठी चार संध्याकाळी पेन टूल चालवायची तयारी नसेल, तर चित्र काढूच नका. आणि त्यांना गॉगल, उंच टोपी, लोखंडी हात हे काहीही लावू नका. स्टीमपंकमध्ये बसवण्यासाठी त्यांना बदलायचं नाही, स्टीमपंकला त्यांच्या प्रश्नापर्यंत आणायचं.

आम्ही सुचवतो ते चित्र असं. मधोमध धोटा, मोठा, पितळी टोकांचा. तो अर्धा काढा आणि आरशासारखी प्रत घेऊन जोडा. त्याच्या पोटात उघडं यंत्र: दोन चक्रं, एक स्प्रिंग आणि दोरा आपोआप ओवणारी बारीक नळी. धोटा धरलेला एक हात, विणाई खात्यात ज्याला कधी येऊ दिलं नाही त्याचा. मागे चिमण्यांची रांग आणि भोंगा. धोट्यातून निघालेला दोरा खाली येऊन एका उघड्या वहीवरच्या ओळी होतो. शब्द फार नकोत. ‘विणाई खातं, १९२८’ एवढं पुरे. बघणारा विचारेल, हे काय? तेव्हा सांगायला तुमच्याकडे गोष्ट असेल. जो टी-शर्ट कुणाला प्रश्न विचारायला लावत नाही तो चळवळीचा टी-शर्ट नाही, नुसता गणवेश आहे.

रंग तीनच ठेवा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, रंग वाढला की खर्च वाढतो. पितळेचा पिवळा, तांब्याचा तपकिरी आणि निळा. स्टीमपंकच्या तपकिरी दुनियेत निळा शोधून सापडत नाही, म्हणून तो दोरा निळाच हवा. काळ्या कापडावर छापणार असाल तर खाली पांढऱ्या रंगाचा थर द्यावा लागतो, त्याची चौथी स्क्रीन धरून चला, नाहीतर निळा मरतो. एक पॉइंटपेक्षा बारीक रेषा टाळा, छपाईत ती तुटते. आणि मराठी अक्षरं युनिकोडमध्ये लिहून, नीट वाचून, मगच त्यांचं रेषांमध्ये रूपांतर करून फाइल छापखान्यात पाठवा. तसं केलं नाही तर छापखान्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. ज्यांना अक्षराला हात लावू दिला नाही त्यांच्या छातीवर मोडकं अक्षर शोभत नाही.

आणि शेवटी पैशाचं बोलू, कारण ते बोलायला आपण लाजतो. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर जे टी-शर्ट विकले जातात त्यातला चित्रकाराचा वाटा किती? बहुतेक वेळा शून्य. समाजाचं काम आहे म्हणून पोराकडून फुकट चित्र घ्यायचं, मग तेच चित्र उचलून कुणीतरी ऑनलाइन दुकानदार ‘जय भीम’ विकतो, ज्याचा जय भीमशी व्यवहारापलीकडे संबंध नाही. फुकट राबवून घेणं याला आपल्याकडे वेठबिगारी म्हणतात. ती समाजाच्या नावाने केली म्हणून पवित्र होत नाही. मंडळांनी चित्रकाराला मोबदला द्यावा, टी-शर्टच्या आत त्याचं किंवा तिचं नाव छापावं, आणि मूळ फाइल चित्रकाराकडेच राहू द्यावी. कापडाचंही विचारा. आपल्याकडे विकले जाणारे बरेचसे टी-शर्ट तिरुपूरच्या होजिअरीचे असतात. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांमध्ये लग्नासाठी एकरकमी पैसे देऊ असं सांगून मुलींना वर्षानुवर्षं वसतिगृहात डांबून राबवणाऱ्या ‘सुमंगली’ योजनेबद्दल बरंच लिहून आलं आहे, आणि त्या मुलींमध्ये आपल्या समाजातल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. धोट्याचं चित्र छातीवर आणि कताईवाली बहीण कुलपात, हा विनोद आपण करायचा नाही.

राहिला तो गॉगल. स्टीमपंकवाले तो टोपीवर चढवतात, डोळ्यांवर क्वचितच घालतात, कारण त्यांच्या डोळ्यांत काही उडणार नसतं. या देशात हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं गटारात उतरवली जातात आणि तिथेच गुदमरून मरतात. त्यांच्या डोळ्यांवर गॉगल नसतो, नाकावर मास्क नसतो. यंत्रं तयार आहेत, घ्यायची इच्छा नाही. १९२८ च्या धोट्यासारखंच. म्हणून गॉगल काढायचाच असेल तर त्याच्या डोळ्यांवर काढा. मग ती फॅशन राहणार नाही, मागणी होईल.

तेव्हा पोरांनो, इंकस्केप उघडा. पहिला दाता काढा, १५ अंशांनी फिरवा, आणि चक्र खरंच फिरेल असं बनवा. पितळ त्यांचं असेल, वाफ आपल्या माणसांच्या घामाची होती. हिशोब मागायची सुरुवात छातीवरून होऊ द्या.

जय भीम!